सह्याद्रीतल्या वाटांसाठी सामान: मुंबईकर ट्रेकरने काय घ्यावं, कसं वापरावं, कसं टिकवावं

आसनगाव स्टेशनवर उतरून माहुलीच्या पायथ्याला गेलात की गडावर चढणारी रुळलेली वाट एकच. जुलैमध्ये ती शेवाळलेल्या दगडांवरून आणि वाहत्या पाण्यातून जाते. वरच्या लोखंडी शिडीपर्यंत पोचेतो अंगावरचा एक धागाही कोरडा राहत नाही. डिसेंबरात तीच वाट वाळलेल्या गवतातून जाते. पहाटे हुडहुडी भरते आणि अकरा वाजता घामाच्या धारा लागतात. एप्रिलमध्ये पाणी आटलेलं, झाडं उघडी आणि पायाखाली सुटा मुरूम. गड तोच आणि वाट तीच, तरी तीन वेळा तीन वेगळ्या तयारीने जावं लागतं.

दुकानात ‘ट्रेकिंगचं सामान’ म्हणून मांडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याचशा बर्फ, कडाक्याची थंडी आणि आठ-दहा दिवसांची चाल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. वस्तू म्हणून त्या उत्तमच असतात. पण शनिवारी रात्री कसारा किंवा कर्जत लोकल पकडून रविवारी घरी परतणाऱ्याला लागतं ते ओल्या बेसॉल्टवर पकड देणारं, घामाने भिजलं तरी न काचणारं, डब्यातल्या गर्दीत शिरणारं आणि मुंबईच्या दमट कपाटात वर्षभर शाबूत राहणारं सामान. पुढे जे सांगितलंय ते याच गरजेतून.

आधी वाट आणि महिना, मग खरेदी

कोणतीही वस्तू घेण्याआधी पुढच्या दोन-तीन ट्रेकची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: चढाई किती तासांची, वाटेत कातळटप्पा किंवा शिडी आहे का, मुक्काम आहे का, पिण्याचं पाणी शेवटचं कुठे मिळतं. आंबिवलीहून कोथळीगड ही एका दिवसाची सरळ चाल आहे. खांडसहून भीमाशंकरला शिडी घाटाने जायचं तर हात मोकळे हवेत. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पाठीवरचं ओझं मागे खेचतं. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने जाणं म्हणजे दिवसभर धोंड्यांवरून चढणं, आणि ते नवशिक्याचं काम नव्हे. हा कागद समोर असला की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते.

उरलेल्या खरेदीचा क्रम माझ्या मते असा: बूट, हेडटॉर्च (डोक्याला बांधायची टॉर्च), सॅक. पैसे मोजकेच असतील तर त्यातले निम्मे तरी बुटांवर घाला. बाकीच्या वस्तू पहिल्या वर्षी घरातल्या, मित्रांकडच्या किंवा भाड्याच्या चालतात. तंबू आणि स्लीपिंग बॅग तर आधी दोन-तीनदा भाड्याने घेऊन बघाव्यात. नेमकं काय हवं ते वापरल्याशिवाय कळत नाही.

बूट: इथे वेळ घालवा

सह्याद्रीचा खडक बेसॉल्ट आहे. कोरडा असताना त्याच्यावर जवळजवळ कुठलाही बूट उभा राहतो. पावसात त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि मग सगळा खेळ तळव्याच्या रबरावर येतो. टणक रबराचे तळवे वर्षानुवर्षं झिजत नाहीत, पण ओल्या गुळगुळीत कातळावर ते सटकतात. मऊ रबर लवकर झिजतं, पण खडकाला धरून राहतं. दुकानात तळव्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. किंचित रुततं आणि दाब काढल्यावर खूण भरून येते, तो तळवा आपल्या पावसाळ्यासाठी बरा. नख अजिबात रुतत नसेल तर तो बूट कोरड्या महिन्यांसाठी ठेवा. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांना अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट का प्रिय आहेत, त्याचं मुख्य कारण ही पकडच आहे. महागडा बूट म्हणजे जास्त पकड, असं समीकरण मनातून काढून टाका.

तळव्याच्या खाचाही बघा. खोल आणि एकमेकींपासून सुट्या खाचांमध्ये चिखल अडकून बसत नाही आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-मुरमाच्या उतारावर, त्या रुततात. उथळ, दाटीवाटीच्या खाचा भाताच्या बांधांवरून चालताना पाच मिनिटांत भरतात आणि तळवा सपाट होऊन जातो. एक मात्र लक्षात ठेवा: शेवाळावर कुठलाच बूट पूर्ण भरवशाचा नसतो. तिथे पाऊल खरबरीत दगडावर किंवा गवताच्या बुंध्याशी टाकायचं आणि पूर्ण तळवा टेकवायचा.

आता ‘वॉटरप्रूफ’ बुटांबद्दल. गोर-टेक्ससारखा पडदा असलेला बूट दवात, बर्फात किंवा तुरळक पावसात पाय कोरडे ठेवतो. आपल्याकडे जुलैत पाणी वरून शिरतं. गुडघाभर ओढा ओलांडला की घोट्याजवळून बूट भरतो, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच आता ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय डबक्यात राहतात, कातडी पांढरी पडून सोलपटते आणि बूट तीन दिवस वाळत नाही. म्हणून मुंबईकराने पावसाळ्यासाठी जाळीचा, पाणी लगेच बाहेर टाकणारा बूट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पाय भिजणार हे गृहीत धरायचं आणि ते लवकर निथळतील एवढंच बघायचं.

घोटा झाकणारा बूट की खालचा? दिवसाच्या ट्रेकला, हलक्या सॅकसह, खालचा बूट पुरतो आणि पाय कमी थकतात. मुक्कामाचं ओझं असेल, घसारा लांबलचक असेल किंवा घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर उंच बूट घ्या. सँडल आणि फ्लोटर ओढे ओलांडायला आणि मुक्कामी पाय मोकळे करायला छान. पण घसाऱ्यावरून उतरताना बोटं उघडी ठेवू नका.

माप घेताना घाई करू नका. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रेकवरही ते सुजतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून जा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा आणि टाचेमागे एक बोट जातं का बघा. मग नाडी घट्ट बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर खाली तोंड करून उभे राहा आणि पाय आपटा. बोटं पुढे टेकली तर तो बूट गडावरून उतरताना नखं काळी करणार, हे नक्की. आता उलटं, चढत जा. टाच आतून वर उचलली गेली तर तिथे फोड येणार. बहुतेकांचे दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. मोठ्या पायाच्या मापाने घ्या. दुकानात किमान पंधरा मिनिटं बूट पायात ठेवून फिरा. विक्रेत्याने ‘वापरून सैल होईल’ म्हटलं तर तो जोड परत करा. लांबी वापरून वाढत नाही.

नाडी बांधण्याच्या पद्धतीने निम्मं दुखणं टळतं. चढताना घोट्याजवळ थोडी सैल ठेवा म्हणजे पाऊल नीट वाकतं. उतरण सुरू होण्याआधी थांबा, बसा, टाच मागे आपटून बसवा आणि नाडी नव्याने घट्ट बांधा. टाच हलत असेल तर नाडी वरच्या शेवटच्या भोकात त्याच बाजूने घालून एक छोटा फास तयार करा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक नाडी समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि बोटं पुढे सरकत नाहीत. गडावरून उतरणाऱ्या गटात लंगडणाऱ्यांपैकी कितीतरी जण या दोन मिनिटांच्या कामाने सुखाने घरी पोचले असते.

यानंतर मुंबईतच करायची दोन कामं. पहिलं, नवे बूट स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकडे न्या आणि तळव्याला कडेने शिलाई घालून घ्या. नुसत्या गोंदावर चिकटवलेला तळवा दोन पावसाळे भिजून वाळला की ऐन वाटेवर जबडा उघडतो. जाड मेणाच्या दोऱ्याची शिलाई ते टाळते. बूट पूर्ण रबरी कडेचा असेल आणि मोचीने ‘सुई जाणार नाही’ म्हटलं तर त्याचं ऐका. दुसरं, पहिल्या मोठ्या ट्रेकआधी दोन-तीन आठवडे हे बूट रोज घाला: ऑफिसला जाताना, बाजारात, जिन्यावर. मग एखाद्या पावसाळी रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा आणि कान्हेरी लेण्यांपर्यंत चाला. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. तिथल्या ओल्या कातळावर आणि कोरीव पायऱ्यांवर तुमचा बूट किती धरतो हे अर्ध्या तासात कळतं. पाण्याच्या प्रवाहात आणि दोरी लावून बंद केलेल्या जागी मात्र ही परीक्षा घेऊ नका.

पाय आणि मोजे

सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि ओल्या सुताने कातडी घासली जाते. लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे, टाचेशी जाड असलेले मोजे घ्या. एक जोड पायात, एक सॅकेत आणि तिसरा फक्त परतीच्या लोकलसाठी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. दुपारी जेवायला बसलात की बूट काढा, पाय हवेशीर होऊ द्या, मोजे बदला, ओले जोड सॅकला बाहेरून लटकवा.

निघण्याच्या दोन दिवस आधी नखं सरळ रेषेत कापा. ज्यांना नेहमी एकाच ठिकाणी फोड येतो त्यांनी निघतानाच तिथे मायक्रोपोरची, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी. चालताना एखादी जागा गरम लागू लागली की तो फोडाचा पहिला निरोप असतो. तेव्हाच थांबून पट्टी लावा. ‘पुढच्या पठारावर बघू’ म्हणाल तर पठारावर फोड तयार असेल. आलाच तर फोडावरची कातडी सोलू नका. जागा स्वच्छ करून वरून हलकी पट्टी बांधा.

दमट हवेत मांड्या आणि काखा काचतात. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण ऐन ट्रेकमध्ये माणसाला रडवतं ते हेच. आतून घट्ट बसणारी लांब पायाची सायकलिंग शॉर्ट घाला आणि निघताना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. हा उपाय स्वस्त आहे आणि हमखास लागू पडतो.

कपडे

जीन्स घरी ठेवा. ती भिजली की जड होते, गुडघ्यात अडकते आणि वाळत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरची, गुडघ्यात ढगळ अशी पँट आणि पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट बाराही महिने चालतो. पूर्ण बाह्या उन्हासाठी जेवढ्या, तेवढ्याच रानासाठी: करवंदीचे काटे, कारवीच्या काटक्या आणि हिवाळ्यात खाजकुयली. खाजकुयलीच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून ती उचलून काढा आणि मग धुवा. पावसाळ्यात गडद निळ्या-काळ्याऐवजी पिवळा किंवा केशरी रंग घाला. धुक्यात मागचा माणूस हरवत नाही. अत्तर आणि बॉडी स्प्रे टाळा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळतात.

एप्रिल-मे महिन्यात मान झाकणारी रुंद काठाची टोपी आणि गळ्यात सुती पंचा. इथे मात्र सूत कामाचं: ओला पंचा मानेवर टाकला की जीव थंडावतो.

पावसापासून नक्की काय वाचवायचं?

चढताना रेनकोट घातलात तर पावसाने नाही तर घामाने भिजाल. आपल्या हवेत हे अटळ आहे. त्यामुळे चढताना भिजू द्या आणि थांबल्यावर अंगातली ऊब टिकवायची तयारी ठेवा. माथ्यावर वारा सुटला की ओल्या कपड्यांत दहा मिनिटांत दात वाजू लागतात, भर ऑगस्टातही. त्या वेळी ओल्या कपड्यांवरून का होईना, पण वारा अडवणारं हलकं विंडचीटर अंगात हवं. शिवणींवर आतून पट्टी लावलेली आहे ना, ते बघून घ्या. बहुतेक रेनकोट शिवणीतूनच गळतात.

पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा ढगळ रेनकोट, दिसायला सोयीचा आणि सॅकही झाकणारा, पण वाऱ्यात तो डोक्यावर येतो आणि खाली बघताना स्वतःचं पाऊल दिसत नाही. हरिहरच्या पायऱ्या, कळसूबाईच्या शिड्या, कलावंतिणीच्या कड्यालगतच्या पायऱ्या अशा ठिकाणी पाँचो नकोच. छत्री फक्त स्टेशन ते गाव.

सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडी ठेवतं आणि पाणी पट्ट्यांवरून आत उतरतं. म्हणून सॅकच्या आतच कचऱ्यासाठी मिळते तशी मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला. सगळं तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. त्याच्या आत आणखी एका पिशवीत परतीचे कोरडे कपडे, अंतर्वस्त्रांसह. ओल्या कपड्यांत पंख्याखाली दोन तास लोकलमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी ताप येतो, अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी ही पिशवी कधी नेलेली नसते. ती आतली पिशवी गाडीत बसेपर्यंत उघडायची नाही.

सॅक निवडणं, बसवणं, भरणं

दिवसाच्या ट्रेकला २० ते २५ लिटर, एका मुक्कामाला ४० ते ५० लिटर. याहून मोठी सॅक घेतलीत तर ती भरली जाणारच, आणि कसारा लोकलच्या दारातून ती पाठीवर घेऊन शिरणं सहप्रवाशांवर अन्याय आहे. डब्यात चढण्याआधी सॅक पाठीवरून पोटाशी घ्या आणि काठ्या आत ठेवा.

मोठ्या सॅकेत पाठीची लांबी जुळायला हवी. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड उठून दिसतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या आणि सॅकच्या मापाशी ताडून बघा. कमरपट्टा मऊ आणि रुंद हवा. बसवायचा क्रम ठरलेला आहे. सगळे पट्टे सैल करून, आत सात-आठ किलो वजन असलेली सॅक पाठीवर घ्या. प्रथम कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून घट्ट करा. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील एवढे ओढा. मग छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील इतपत. शेवटी खांद्यावरचे छोटे पट्टे ओढून सॅक पाठीशी घ्या. वजनाचा मोठा भाग कमरेवर यायला हवा. खांद्यांवर लाल वळ उठत असतील तर क्रम उलटा झालाय.

भरताना हलकं आणि शेवटी लागणारं तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मध्यावर, सतत लागणारं वर. पाणी दोन्ही बाजूंना सारखं. सुटी, बाहेर लोंबणारी कुठलीही वस्तू शिडीवर अडकते. घरी वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग सॅकसह. दिवसाच्या ट्रेकला फरक तुमच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत बसावा, मुक्कामी २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. जास्त भरलं तर सॅक रिकामी करा आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तू बाजूला काढा. हमखास निघतात.

पाणी आणि शिदोरी

हिवाळ्यात दिवसाला ३ लिटर, मार्चनंतर ४. म्हणजे चार किलो. हे वजन कमी करायचा मोह होतो, तो टाळा. गडावरच्या टाक्यांचं पाणी कुठे बारमाही आणि गोड असतं, कुठे जानेवारीतच हिरवं होतं. पायथ्याच्या गावात विचारा. तिथल्या माणसाइतकी ताजी माहिती कुठल्याच जुन्या लेखात नसते. टाक्याचं पाणी गाळून, क्लोरिनची गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबूनच प्या. टाक्यात पाय आणि बाटलीचं मळकं बूड बुडवू नका, मागून येणाऱ्याला तेच प्यायचं असतं.

घाम फार येतो तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचेच. नळीने पिण्याची पाण्याची पिशवी सोयीची आहे, पण किती उरलंय ते दिसत नाही आणि मुंबईच्या हवेत तिच्या नळीत काळी बुरशी धरते. मला साध्या एक लिटरच्या बाटल्या जास्त विश्वासाच्या वाटतात.

शिदोरीला गूळपोळी, दशम्या, खजूर, शेंगदाण्याचे लाडू: न नासणारं, चालता चालता खाता येणारं. दुपारचं जेवण शक्य तिथे पायथ्याच्या गावात सांगून ठेवा. पिठलं-भाकरी गरम मिळते, गावात चार पैसे जातात आणि स्टोव्ह वाहावा लागत नाही. तसंही गॅसची नळकांडी, रॉकेल, पेट्रोल लोकलने नेणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि भरल्या डब्यात ते भयंकर धोक्याचं आहे.

टॉर्च, फोन, शिट्टी, काठी

हेडटॉर्च प्रत्येकाच्या सॅकेत, दिवसाच्या ट्रेकलाही. उशीर होतोच. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि बॅटरी संपते. सॅकेत दाबून टॉर्च चालू होऊ नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, वाटेत फ्लाइट मोडवर ठेवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे दोन्ही नंबर फोनमध्ये आणि खिशातल्या कागदावर. शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली हवी. मिनिटभरात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही मदतीची खूण आहे.

काठीने उतरताना गुडघ्यांवरचा ताण खरोखर कमी होतो. चढताना आखूड, उतरताना लांब. कोपर काटकोनात राहील अशी. कातळटप्प्यावर ती सॅकेत बांधा. वाटेवरची ओली कारवी काठीसाठी तोडू नका. गावात सुकी काठी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

दोराबद्दल एवढंच: बाजारात मिळणारी नायलॉनची दोरी माणसाचं पडणं झेलण्यासाठी नसते. ती ‘वेळेला असावी’ म्हणून नेऊ नका, कारण नेली की वापरण्याचा मोह होतो. अलंग-मदनसारख्या ठिकाणी गिर्यारोहणाचा प्रमाणित दोर, हार्नेस (दोराला अडकवण्यासाठी कमरेला बांधायचे पट्टे), हेल्मेट आणि ते हाताळणारी शिकलेली माणसं असतील तरच जा.

मुक्काम असेल तर

सर्वप्रथम, तिथे रात्री राहायला परवानगी आहे का ते वन विभागाच्या नाक्यावर किंवा गावात विचारा. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगड, रतनगड या पट्ट्यात पारा एक आकडी होतो. स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ पाहा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे माणूस जेमतेम तग धरेल असं तापमान, झोप लागेल असं नव्हे. आपल्याकडे ५ ते १० अंशांचं कम्फर्ट पुरतं. पण खालून येणारा गारवा बॅग अडवत नाही, कारण अंगाखाली तिच्यातला भराव दबलेला असतो. तो गारवा कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली पसरायची फोमची चटई, अडवते. पैसे एकाच वस्तूचे असतील तर चांगली मॅट घ्या आणि घरची जाड चादर न्या. झोपताना घालायचे मोजे आणि कानटोपी वेगळी ठेवा, दिवसभरच्या घामाची नको.

निघण्याआधी जिन्यावर तालीम

ट्रेकच्या आदल्या रविवारी पूर्ण सॅक भरा, तेच बूट, तेच कपडे, तेवढंच पाणी, आणि इमारतीचा जिना अर्धा-पाऊण तास चढा-उतरा. शेजारी विचारतील, विचारू द्या. कुठला पट्टा काचतो, काय खळखळतं, टाच कुठे घासते, सगळं इथेच कळतं, आणि घर चार मजल्यांवर असतं. अंधारात एकदा सॅक उघडून हेडटॉर्च न बघता हाताला लागतो का तेही बघा.

परत आल्यावर: मुंबईची हवा सामान खाते

सामान डोंगरात जितकं झिजतं, त्याहून जास्त आपल्या कपाटात खराब होतं. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलीयुरेथेनचा थर असतो. हवेतली वाफ त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहते; याला हायड्रोलिसिस म्हणतात. त्यामुळे काही वर्षं खोक्यात जपून ठेवलेला ‘नवा’ बूट पहिल्याच ट्रेकला भुगा होऊन तळवा टाकतो. जुना जोड काढलात तर आधी तळवा दोन्ही हातांनी वाकवा, भेगा आणि कडेचं सुटणं तपासा, आणि मगच निघा. बूट वापरात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका.

घरी आल्या रात्रीच चिखल साध्या पाण्याने धुवा, आतला सोल आणि नाड्या बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. कागद दोन-तीन तासांनी बदला. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेत तर गोंद सुटतो.

विंडचीटर आणि तंबूच्या आतला लेप ओला राहिला की चिकट होतो आणि पापुद्रे निघतात. घरात जागा नसली तरी तंबू दारावर, खुर्च्यांवर पसरून पूर्ण सुकवाच. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका. उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल भरून वरच्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पाण्याच्या बाटल्या उघड्या, उलट्या. सॅकेचे सगळे कप्पे झटकून, चेन ब्रशने साफ करून ती खुंटीला टांगा. आणि हेडटॉर्चमधले सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा; आत राहिले तर पावसाळ्यात गळतात आणि स्प्रिंगवर हिरवा गंज चढतो.